दोन कूलर

गाडीखाली उताण्या पडलेल्या लखीरामनं गिअरच्या डब्याचा खालचा बोल्ट सैल केला, तळहातावर थोडं तेल घेतलं आणि नाकाशी नेलं. हे तेल लालभडक असायला हवं होतं. ते सकाळपासून चुलीवर राहिलेल्या चहासारखं काळं पडलं होतं. त्यानं पुन्हा एकदा वास घेतला आणि मग तो हात तसाच गाडीबाहेर काढून धरला.

"काकाजी, वास घ्या."

कडुलिंबाच्या सावलीत जुन्या टायरवर बसलेले पुंडलिकराव तत्परतेनं उठले. वैशाखात शेतात काम नसतं, आणि काम नसलेला शेतकरी फुलसावंगीत कुठे ना कुठे टायरवर बसलेला सापडतोच. पण पुंडलिकराव नुसते बसत नसत, ते विचारत असत. बोअरवेलची मोटर, पोस्टातला तराजू, जिनिंगमधला सरकी काढायचा रेचा, कशाचंही झाकण उघडं दिसलं की यांची मान त्यात गेलीच म्हणून समजा. आत्ताही त्यांनी वाकून लखीरामच्या हाताचा नीट वास घेतला.

"भजे करपले," ते म्हणाले.

"करपलेच. तेल करपलं म्हून गाडी घाटात बसली."

गाडीची कथा वेगळीच होती. कापसाचं गणित बिघडलं आणि जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायला लागलं, त्या वर्षांत बाहेरून पुष्कळ माणसं आली. कोणी पाहणी करून गेलं, कोणी पत्रकं वाटून गेलं. त्यातल्याच परदेशातल्या एका संस्थेनं ही जुनी जपानी व्हॅन आणली होती. संस्था गेली, व्हॅन राहिली. तिला क्लच नव्हता, त्यामुळे महागावात तिला कोणी हात लावेना. डाव्या पायाला काम नसलेली गाडी म्हणजे थट्टेचाच विषय. लखीराम मात्र तांड्यावरून मुद्दाम ती पाहायला गेला आणि तिच्यासकट परत आला. ती का चालते हे कळल्याशिवाय आपल्याला झोप येणार नाही, असं त्यानं बायकोला, रामीबाईला, सांगितलं होतं. पुसदच्या फेऱ्या मारायला लागला तरी पुरतं कळलेलं नव्हतंच.

आता थोडं कळलं होतं. त्यानं ते पुंडलिकरावांना जमिनीवर काडीनं रेघा ओढून सांगितलं. एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. मधे नुसतं तेल. पहिल्यानं ढकललेलं तेल दुसऱ्याला फिरवतं, आणि त्या दुसऱ्यावर चाकं. चढ आला की तेल घुसळून घुसळून तापतं, तापलं की पातळ होतं, मग इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही.

"म्हंजे मंदात कायच नाही? नुसतं तेल?" पुंडलिकरावांनी विचारलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

घरी गेल्यावर लाइन येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग घरातले दोन्ही टेबलफॅन ओट्यावर समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. दुसऱ्याची पाती आधी थरथरली, मग हळूहळू, आढेवेढे घेत, फिरायला लागली. पुंडलिकरावांना इतका आनंद झाला की त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली.

"अवं, इकळे ये. हे पाह्य."

लीलाबाई दाराच्या चौकटीला हात लावत बाहेर आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"मले काय दिसनार?"

पुंडलिकरावांना स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षांची सवय, काहीही नवीन दिसलं की आधी हिला दाखवायचं. ते काही बोलणार, तोवर लीलाबाईंनी मान कलती केली.

"दोन पंखे फिरून राह्यले. पन मोटर एकाचीच चालू हाय. दुसऱ्याची कुरकुर आयकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत कापसाच्या ढिगाशी जाऊन बसल्या.

भाव येईल म्हणून राखलेला कापूस वैशाखातही आतल्या खोलीत छताला टेकला होता. लीलाबाई रोज त्यातला थोडा पुढ्यात घेत, कवडी म्हणजे डागाळलेला कापूस वेगळा करत, पत्तीचा कचरा काढत. या कामात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण आता त्यांना पांढरं आणि पिवळं सारखंच दिसे. त्या दुपारी आडव्या झाल्या की सून निशिगंधा त्यांनी निवडलेला ढीग गुपचूप पुन्हा निवडे. तिनं हे नवऱ्यालाही, कपिललाही, सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुसदच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण उजव्यातला पिकून गेलाय, आता थांबलात तर तो आत फुटेल आणि मग डोळा राहणार नाही. म्हणून फाल्गुनात सगळे लखीरामच्या गाडीतून निघाले होते. गाडी घाटात बसली. ना झाड, ना पाण्याचा थेंब. लीलाबाईंना ओकाऱ्या झाल्या, ताप भरला, आणि परत येणाऱ्या एका ट्रॅक्टरवर घालून त्यांना घरी आणावं लागलं. तापातून उठल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता दिवाळीनंतर. उन्हाळ्यात डोळ्याला हत्यार लावलं की जखम पिकते हे त्यांच्या आईनं सांगितलेलं होतं आणि घाटानं ते सिद्ध केलं. कपिलनं महागावहून जीप आणतो म्हटलं, बेबीताई आशा-वर्करनं दोनदा येऊन समजावलं. लीलाबाई ऐकून घेत आणि कापूस निवडत राहत. दिवाळीपर्यंत डोळा थांबणार नव्हता. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि लखीरामची गाडी आपणच ठरवली होती, हे पुंडलिकराव विसरू शकत नव्हते.

लखीरामलाही ते लागलं होतं. वणीला कोळशाच्या ट्रकवर असलेल्या तांड्यातल्या गोविंदाला त्यानं निरोप धाडला आणि गोविंदानं तिथल्या भंगारातून तेल थंड करणारे दोन ऑइल कूलर शोधून आणले. शाळेच्या पाटीएवढे, काळे, बारीक नळ्यांचे, नळ्यांमध्ये पातळ पत्र्याच्या घड्या. एक इंजिनाच्या तेलासाठी, एक गिअरच्या तेलासाठी. लखीरामनं ते रॉकेलमध्ये भिजवून ठेवले आणि दात घासायच्या ब्रशनं घडी न घडी साफ केली. इंजिनाच्या फिल्टरमागे बसवायला दोन तोंडांची एक चकती लागत होती, ती त्यानं पुसदच्या लेथवर कातून आणली. कूलर रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत टांगले. हादऱ्यानं फुटू नयेत म्हणून खाली जुन्या ट्यूबचे तुकडे दिले. पाण्याचे पाइप चालत नाहीत, तेलानं फुगतात, हे एक पाइप फुगल्यावर कळलं. मग जाड प्रेशर पाइप आले. पुंडलिकराव प्रत्येक टप्प्याला हजर होते. क्लिपा त्यांनीच हातात धरल्या होत्या.

बसस्टँडापर्यंत चक्कर मारून आल्यावर लखीराम म्हणाला, की धरून पाहा. कूलरमध्ये जाणारा पाइप पुंडलिकरावांनी धरला आणि चटकन सोडला. बाहेर येणारा धरला, तर तो ताप आलेल्या माणसाच्या मनगटाइतकाच गरम होता. त्यांनी दोन्ही पाइप पुन्हा पुन्हा धरून पाहिले.

त्या संध्याकाळी लाइन गेली होती. अंगणात बाज टाकलेली. पुंडलिकराव चपला काढत होते.

"दिवसभर काय करून राह्यला तो लखीराम?" लीलाबाईंनी विचारलं.

"गाडीले कूलर बसोले. दोन."

ते सरळ मनानं बोलले. पण विदर्भातल्या माणसाला कूलर एकच माहीत असतो. खिडकीशी ठेवलेला पत्र्याचा पेटारा, आत पंखा, भोवती वाळ्याच्या ओल्या ताट्या, सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी भरायचं आणि त्याच्या घरघरीत एकमेकांशी ओरडून बोलायचं. तो यांच्या घरीही होता, पण भारनियमनामुळे भर दुपारीच मुका व्हायचा.

"दोन?" लीलाबाई म्हणाल्या. "एक मांगं, एक पुळे?"

"दोनी पुळेच."

"आन लाइन?"

"गाडीले कायची लाइन? इंजनावरच चालते सारं."

लीलाबाईंनी बाजेची सैल दोरी बोटानं चाचपली.

"म्हंजे लोडशेडिंग नाही," त्या म्हणाल्या.

पुंडलिकरावांच्या ध्यानात आलं तेव्हा एक चप्पल पायात होती आणि एक हातात. त्यांनी तोंड उघडलं.

"कूलर असन तं मंग येऊ जाऊन," लीलाबाई म्हणाल्या. "इचारून घ्या डाक्टरले."

पुंडलिकरावांनी तोंड मिटलं.

घरात यावरून कुजबुज झाली. कपिलचं म्हणणं, की आईला सांगायला हवं, गाडीत बसल्यावर कळेलच की. निशिगंधा म्हणाली, बसल्यावर कळू दे, बसण्याआधी नको. सगळ्यांत जास्त चिडला लखीराम. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं इतकं नेटकं काम केलं होतं आणि त्याच्या कूलरला कोणी भलताच कूलर समजावं, हे त्याला सहन होईना. मी स्वतः काकूंना उलगडून सांगतो, म्हणून तो उठलाच. पुंडलिकरावांनी त्याचं मनगट धरलं.

"डोळा झाला की सांग," ते म्हणाले. "मंग दिवसभर सांग. मीबी बसतो आयकत."

लखीराम खाली बसला.

निघायच्या सकाळी लीलाबाई सगळ्यांच्या आधी तयार होत्या. पुढ्यात पाण्यानं भरलेली कॅन, एक मग, आणि घरच्या कूलरची काढून घेतलेली वाळ्याची ताटी. नव्या कूलरला लाकडाच्या भुशाची ताटी असते, तिचा वास मला सोसत नाही, आपली वाळ्याची लावा, असं त्यांनी निशिगंधाला बजावलं. आणि पाण्याचं काम दुसऱ्या कोणाला जमत नाही, ते यांनीच करायचं, असंही. पुंडलिकरावांनी ताटी उचलली आणि गाडीभोवती एक फेरी मारली, जणू कूलर कुठल्या बाजूला आहे ते शोधत होते. शेवटी निशिगंधानंच लीलाबाईंच्या खिडकीची काच सरकवली आणि ताटी बाहेरून सुतळीनं घट्ट बांधली. पुंडलिकराव त्यांच्या पुढच्या बाकावर, उन्हाच्या बाजूला, उघड्या खिडकीशी बसले. कपिल लखीरामशेजारी. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

गाडी चालू लागली की पुंडलिकराव कॅनमधून मग भरत, हात खिडकीबाहेर काढत आणि मागच्या ताटीवर पाणी सोडत. अर्धं वाऱ्यानं उडे, उरलेलं वाळ्यात मुरे. ताटीतून आत येणारी झुळूक गार असायची, वाळ्याच्या वासाची. त्यांच्या स्वतःच्या खिडकीतून मात्र भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ येत होती. त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला. उजवा हात बाहेर, उन्हात. तो वाळला की पुन्हा मग. लीलाबाई मागे डोळे मिटून, मान थोडी कलती करून बसल्या होत्या. कूलर कुठे आहे, सुरू झाला का, त्यांनी काहीच विचारलं नाही. निशिगंधाला या न विचारण्याचंच भय वाटत होतं.

घाट लागला. लखीरामनं बोलणं बंद केलं. तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे बघत, एकाच चालीनं, तो गाडी वर घेत राहिला. फाल्गुनात बसले होते ती जागा आली. कपिलनं दाराची कडी धरली. इंजिनाचा सूर बदलला नाही. गाडीनं वळण घेतलं, मग पुढचं, आणि माथा आला. काटा जिथल्या तिथे होता.

लखीरामला राहवेना. त्यानं माथ्यावर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि पुढे जाऊन जाळीत हात घालून पाइप चाचपले. एक चटका देणारा, एक सोसवणारा. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला.

"काहून थांबला रे?" लीलाबाईंनी मागून विचारलं.

"कूलर पाह्यत होतो, काकू."

"चालू हाय ना?"

लखीरामनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. त्यांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"चालू हाय," तो म्हणाला. ही थाप नव्हती, म्हणून त्यानं ते मोठ्यानं सांगितलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरली ती लीलाबाईंनी बरोबर सांगितली, भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना सांगितला आणि डॉक्टरांच्या शर्टाला एक बटण नाही हेही सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डोळ्याचं पाणी टिपायला नर्सनं कापसाची लहानशी गुंडाळी दिली. लीलाबाईंनी तिच्यातला चिमूटभर ओढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटांनी उकलून उकलून पाहिला.

"एकबी कवडी नाही," त्या म्हणाल्या. मग मान न वळवता, त्याच आवाजात, "निशिगंधा, आता माया ढीग पुन्हा नोको निवडत जाऊ."

निशिगंधा चादरीची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

"तुमाले कोनं सांगितलं, आत्याबाई?"

"सांगाले कायले लागते? मी दाबून ठेवलेला ढीग निजून उठल्यावर मोकळा असते. हाताले समजते ना."

निशिगंधाला रडू आलं आणि ती हसलीही. दाराशी उभे असलेले पुंडलिकराव मात्र विचारात पडले. ढीग हातानं ओळखणारी, पंख्याची मोटर कानानं ओळखणारी ही बाई काल एवढा रस्ता, कूलरची घरघर नसलेल्या गाडीत, बसून आली होती. आणि ताटी, कॅन, मग, हे सगळं घरून तिनंच काढून दिलं होतं. दिवाळीचं बोललेल्या बाईला शब्द मागे घ्यायला कूलरचं निमित्तच हवं होतं की काय, त्यांना कळेना. त्यांनी बाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

सुट्टी मिळेपर्यंत ऊन टळटळीत झालं होतं. लखीराम गाडी घेऊन बाजारातून औषधं आणायला गेला होता आणि नुकताच परत येऊन ती दवाखान्याच्या दारात लावत होता. लीलाबाई काळा चष्मा लावून, कपिलचा हात धरून बाहेर आल्या आणि गाडीच्या दाराकडे न वळता तिच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दाखव रे बापा तुये कूलर."

लखीराम कालपासून याच क्षणाची वाट पाहत होता. त्यानं जाळी काढली आणि सांगायला सुरुवात केली. वणीचं भंगार, लेथवरची चकती, फुगलेला पाइप, काहीही वगळलं नाही. लीलाबाईंनी मन लावून ऐकलं. मग हात पुढे करून एका कूलरला बोट लावलं आणि मागे घेतलं.

"हे तं तापलं."

"तापनारच, काकू. त्याचं कामच थे हाय. आतला ताप आपल्या आंगावर घेते, मंग आतलं थंड राह्यते."

"असं," लीलाबाई म्हणाल्या.

त्या वळल्या. पुंडलिकराव दोन पावलांवर उभे होते. लीलाबाईंनी त्यांना वर्षभर नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा जरासा वर केला, चष्मा काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून निशिगंधानं अडवलं, पण तोवर पाहून झालं होतं. उजवा गाल आणि कान काळवंडलेले, मनगटापासून कोपरापर्यंत सालपटं निघू पाहणारी लाल कातडी, बाहीवर पाणी वाळल्याच्या पांढऱ्या कडा. त्या इतका वेळ बघत राहिल्या की पुंडलिकरावांनी उगाच दुपट्टा सारखा केला.

त्यांनी चष्मा पुन्हा नीट बसवला. गाडीत चढल्या आणि आपल्या जागेवर, ताटीशी बसल्या.

"कपिल, आता तू टाक पानी," त्या म्हणाल्या. "तुया हात तरना हाय."

कपिल मुकाट्यानं वडलांच्या खिडकीशी बसला. निशिगंधा उठून पुढे लखीरामशेजारी गेली. पुंडलिकराव अजून खालीच उभे होते. आता कुठे बसायचं, हे त्यांना समजेना.

लीलाबाईंनी लुगडं आवरून शेजारची जागा मोकळी केली.

"या," त्या म्हणाल्या. "कूलरपाशी बसा."

गाडी पुसदच्या बाहेर पडली. कपिल वडिलांसारखं पाणी टाकू शकत नव्हता, पहिले दोन मग पार रस्त्यावर गेले. मग जमलं. वाळा ओला झाला, झुळूक सुटली, आणि बऱ्याच दिवसांत न झोपलेल्या माणसाला लागावा तसा पुंडलिकरावांना डोळा लागला. त्यांचं डोकं हळूहळू कलत लीलाबाईंच्या खांद्यावर आलं. एरवी चारचौघांत त्यांनी असं होऊ दिलं नसतं, आणि लीलाबाईंनीही.

चढ संपला आणि घाटाचा माथा आला. काटा जागचा हलला नव्हता, तरी लखीरामचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. त्यानं वरच्या आरशात पाहिलं. लीलाबाई काळ्या चष्म्याआडून त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट खांद्यावरच्या डोक्याकडे दाखवलं.

"थांबू नोको," त्या हलकेच म्हणाल्या. "चालू हाय."